नाना कुठाय?

८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा. श्रीखंड-पुरी हाणून अख्खं घर पेंगत होतं आणि दादा मात्र टुण्णकन तयार! 'द जंगल बुक' लागला होता, तोही अमेरिकेच्या आठवडाभर आधी. तीस वर्षांचा, टायवाला, ईएमआयवाला माणूस, पण रिक्षात बसल्यापासून गुलजारांचं ते गाणं शिट्टीवर चालू.

इंटरव्हलला बघते तर चेहरा पडलेला.

'अगं, नाना कुठाय?'

झालं असं, की साहेबांनी घाईघाईत इंग्रजी शो बुक केला होता! पडद्यावर शेरखान गुरगुरत होता तो इद्रिस एल्बाच्या आवाजात. आणि दादाचा शेरखान म्हणजे नाना पाटेकर. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं ते 'जंगल बुक'. कार्टून मूळचं जपानी, १९८९चं, बावन्न भागांचं. पण शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची आणि वाघ आपला नाना. मग जपान कोणाला आठवतोय? (मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. माझा सगळा नॉस्टॅल्जिया दादाकडून उसना घेतलेला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, तेव्हा कुठे मी पाहिलं. खरं सांगू? जरा स्लो वाटलं. दादाला सांगू नका.)

दुसरी तक्रार 'का' अजगराबद्दल. 'तो तर मोगलीचा दोस्त! ही बया त्याला गिळायला काय निघालीये?' मुद्दा बरोबर होता. किपलिंगच्या पुस्तकातही 'का' मोगलीच्याच बाजूचा. त्याला व्हिलन केलं डिस्नेनं, १९६७च्या अ‍ॅनिमेशनपटात, आणि हा नवा सिनेमा त्याच १९६७वाल्याचा नवा अवतार. दादाच्या रविवारशी त्याचं काही नातंच नव्हतं! आपल्याकडच्या मार्केटिंगवाल्यांनी मात्र ते बरोब्बर जुळवलं. हिंदीत शेरखानला पुन्हा नाना, बघीराला ओम पुरी, बालूला इरफान, 'का'साठी प्रियांका चोप्रा. जाहिरातीसाठी जुनं गाणंही नव्यानं केलं. मी तेव्हा जाम नाक मुरडलं होतं. पण जॉन फॅवरोच्या टीमनं कॉम्प्युटरवर अख्खं जंगल उभं केलं, पुढे त्याला ऑस्कर मिळालं, आणि दादाला त्यातलं पानही दिसलं नाही. तो बघायला गेलाच नव्हता, ऐकायला गेला होता. पुढच्या रविवारी एकटाच जाऊन हिंदी शो बघून आला.

परवा त्यानं सहा वर्षांच्या लेकीला तोच सिनेमा लावून दिला. अर्थातच हिंदीत. नानानं तोंड उघडलं आणि पोरगी थेट उशीमागे! दादा असला खूश! (सेन्सॉरनं याला 'यू/ए' दिलं तेव्हा आम्ही खो खो हसलो होतो. तिच्याकडे बघून पहिल्यांदाच पटलं.) मग आला बालू. पंजाबी ठसक्यात बोलणारा, महाआळशी, मधासाठी मोगलीला कामाला जुंपणारा. ती हसून हसून गादीवर लोळायला लागली.

'बाबा, बालूचा आवाज कोणी काढलाय?'

'इरफान खाननं.'

'आणि बघीराचा?'

'ओम पुरींनी.'

'मग दुसऱ्या पार्टमध्ये पण तेच असतील ना?'

ओम पुरी २०१७च्या जानेवारीत गेले. इरफान २०२०च्या एप्रिलमध्ये, दूरदर्शनवर मोगली परत आला होता त्याच महिन्यात. मी दादाकडे बघितलं. त्यानं काही न बोलता रिमोट उचलला आणि आवाज थोडा वाढवला.