नवे यंत्र, जुने तंत्र

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि संगणकविश्वात दर काही वर्षांनी डोके वर काढणारा एक जुनाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. तिची वारसदार असलेल्या विंडोज ११ ने ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात येतानाच टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अशा अटी घातल्या होत्या. या अटींमुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक निकालात निघू शकतात, असा अंदाज कॅनालिस या संशोधनसंस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तविला होता. साहजिकच चर्चा झाली ती जुन्या संगणकावर नवी प्रणाली चालत नाही याची. या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षितच राहिली. जुना संगणक कायमचा बंद पडला, नवा विकत घेतला, पण काम मात्र जुन्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवणे भाग आहे, अशांनी काय करावे?

वरकरणी हा हट्ट वाटेल. नवी गाडी घेऊन तिला जुने इंजिन कोण बसवील, असे कोणीही विचारेल. प्रत्यक्षात ही बहुतेक वेळा निकड असते. यंत्र झिजते, सॉफ्टवेअर झिजत नाही. कारखान्यातील सीएनसी यंत्र, रुग्णालयातील तपासणी-यंत्र किंवा प्रयोगशाळेतील मोजमापाचे उपकरण वीस-वीस वर्षे उत्तम काम देते. ते चालवणारा संगणक हा त्या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी मोडणारा भाग. त्याचा मदरबोर्ड जळतो, तसाच दुसरा बाजारात मिळत नाही आणि यंत्रासोबत आलेले सॉफ्टवेअर केवळ विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वरच चालते. यंत्राचा निर्माता एकतर 'नवे यंत्र घ्या' म्हणतो किंवा त्याचा व्यवसायच गुंडाळलेला असतो. काही हजारांचा संगणक बंद पडला म्हणून लाखो रुपयांचे चालू यंत्र भंगारात काढणे लहान उद्योजकाला परवडणारे नसते. मग नव्या संगणकावर जुनी प्रणाली चढवण्याची खटपट सुरू होते.

ही खटपट बहुधा पहिल्याच पायरीवर अडते, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम ही तिच्या जन्माच्या वेळी अस्तित्वात असलेल्या हार्डवेअरचीच भाषा जाणते. २५ ऑक्टोबर २००१ रोजी दाखल झालेल्या विंडोज एक्सपीची किमान गरज २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट मेमरी एवढीच होती. हार्ड डिस्क जोडण्याची 'एएचसीआय' ही पद्धत नंतर रूढ झाली. तिचा ड्रायव्हर एक्सपीत नसल्यामुळे इन्स्टॉलेशनच्या वेळी तो वेगळा द्यावा लागे, आणि तोही फ्लॉपीवरून! तो न मिळाल्यास निळा पडदा ठरलेला. एक्सपीच्या प्रचलित ३२ बिट आवृत्तीला चार गिगाबाइटपेक्षा अधिक मेमरी वापरता येत नाही. प्रत्यक्षात त्यातलाही काही भाग इतर हार्डवेअरच्या पत्त्यांसाठी खर्ची पडतो. जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क दोन टेराबाइटच्या पलीकडे वापरता येत नाही. म्हणजे घरात सोळा गिगाबाइट मेमरी आणली तरी वापरात येणार तीन-सव्वातीनच.

विंडोज ७ ची कथा याहून चमत्कारिक आहे. इंटेलने २०१५ मध्ये आणलेल्या स्कायलेक पिढीच्या संगणकांतून यूएसबीचा जुना नियंत्रक काढून टाकला. विंडोज ७ च्या मूळ डिस्कमध्ये नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नव्हता. परिणामी, इन्स्टॉलेशनचा पडदा दिसे, पण कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मृतवत. एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कचीही तीच गत झाली. त्यातच इंटेलने जुन्या 'बायोस'ची सोय २०२० पर्यंत संपविण्याचा मनोदय २०१७ मध्ये जाहीर केला. जुन्या प्रणालींना संगणक सुरू होण्यासाठी लागणारा हा शेवटचा आधारही त्यानंतर नव्या यंत्रांतून नाहीसा होऊ लागला.

कधीकधी तर यंत्राचा वेगच प्रणालीच्या मुळावर येतो. विंडोज ९५ मधील एक भाग प्रोसेसरचा वेग अजमावण्यासाठी ठराविक आवर्तने करून त्याला लागलेल्या वेळाने भागाकार करीत असे. ३५० मेगाहर्ट्झ वा त्याहून वेगवान अशा एएमडी प्रोसेसरवर ही आवर्तने इतक्या झटपट संपत, की लागलेला वेळ शून्य मोजला जाई. शून्याने भागाकार म्हणजे बिघाड निश्चित. पुढे यंत्रे इतकी वेगवान होतील, ही कल्पना ते लिहिणाऱ्या प्रोग्रामरने केलीच नव्हती.

तथापि, सारा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणे बरोबर ठरणार नाही. व्यापारी निर्णयांचाही यात मोठा वाटा आहे. यापुढील पिढीच्या प्रोसेसरना केवळ त्या वेळची नवीनतम विंडोजच आधार देईल, असे धोरण मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले. त्या वेळी विंडोज ७ ला सुरक्षा-सुधारणा देण्याची मुदत संपायला चार वर्षे बाकी होती. ती १४ जानेवारी २०२० रोजी संपली. असे असूनही २०१७ मध्ये सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ७ चालविणाऱ्यांचे अपडेट रोखण्यात आले आणि त्यांच्या पडद्यावर 'असमर्थित हार्डवेअर'चा इशारा झळकू लागला. अधिकृत परवाना आहे, मुदतही शिल्लक आहे, गुन्हा एवढाच की संगणक नवा घेतला!

दुसरीकडे, पैसे मोजण्याची ऐपत असेल तर मुदत वाढू शकते, हेही दिसून आले. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मात्र ब्रिटिश सरकारने ५५ लाख पौंड देऊन एक वर्षाची वाढीव सेवा घेतली. अमेरिकी नौदलाने २०१५ मध्ये अशाच सेवेसाठी सुमारे ९१ लाख डॉलरचा करार केला. दुकानांतील बिलिंग यंत्रांसाठीच्या एक्सपीवर आधारित प्रणालीला तर एप्रिल २०१९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळत राहिल्या. म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती, ती सर्वांसाठी करणे कंपनीला किफायतशीर वाटत नव्हते. कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. दोन दशकांपूर्वीच्या रचनेला ठिगळे लावत बसणे खर्चिक असते, आणि कितीही ठिगळे लावली तरी त्या रचनेतील मूलभूत उणिवा राहतातच. पण हा निर्णय कुणाच्या सोयीने होतो आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न उरतोच.

ती किंमत मोठी असते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० विश्वस्त संस्थांचे कामकाज विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या भेटीच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांनाही त्याचा फटका बसला. दीड महिन्याने आलेल्या 'पेट्या'सदृश हल्ल्याने जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. वॉनाक्रायबाबत एक बाब आवर्जून नोंदविली पाहिजे. ब्रिटिश आरोग्य सेवेतील बहुतांश बाधित संगणक एक्सपीचे नव्हते, विंडोज ७ चे होते. त्यासाठीचा पॅच मार्चमध्येच उपलब्ध झाला होता, पण तो बसविलेला नव्हता. एक्सपीला असा पॅच सर्वांसाठी खुला झाला तो हल्ला सुरू झाल्यानंतर. प्रणालीच्या वयापेक्षा देखभालीचा अभाव अधिक घातक असतो. जुन्या प्रणालीची अडचण ही की तिची देखभाल करू म्हटले तरी करता येत नाही.

नव्या यंत्रावरील जुन्या प्रणालीचा धोका यामुळे अधिकच फसवा ठरतो. संगणक नवा कोरा आणि वेगवान दिसतो, म्हणून कार्यालयप्रमुख निश्चिंत राहतात. परंतु सुरक्षित बूटसारख्या नव्या यंत्रातील सुविधा जुन्या प्रणालीला वापरताच येत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' या प्रोसेसरमधील दोषांनी तर दाखवून दिले, की खुद्द चिपमधील त्रुटीवरचा उपायही ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहकार्याविना पूर्ण होत नाही. घराला पोलादी दार बसवले, पण कडी लावणाराच नाही, अशी ही अवस्था आहे.

नियामकाने मनावर घेतले तर चित्र बदलते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. एक्सपीवर चालणाऱ्या एटीएमबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना सावध केले होते. प्रगती संथ असल्याचे दिसताच २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने वेळापत्रकच घालून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम आधार असलेल्या प्रणालीवर आणायची होती. एक्सपीचा आधार संपून तेव्हा चार वर्षे उलटली होती, हे खरे. परंतु टप्पे आणि मुदती ठरल्या म्हणजे 'पाहू, करू' या वृत्तीला आळा बसतो, हेही तितकेच खरे. रुग्णालये, पाणीपुरवठा यंत्रणा आणि लघुउद्योग यांनाही अशाच टप्प्यांच्या वेळापत्रकाची गरज आहे.

विंडोज १० च्या निरोपाला आणखी एक पैलू आहे. विंडोज ११ केवळ ६४ बिट रूपातच उपलब्ध आहे, आणि ६४ बिट विंडोजवर डॉसच्या काळातील १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत. म्हणजे फॉक्सप्रोच्या जमान्यात लिहून घेतलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामना ३२ बिट विंडोज १० च्या रूपाने मिळणारा, सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील शेवटचा अधिकृत आसरा गेला. मराठी मुद्रणव्यवसायालाही याची झळ बसते. पेजमेकरची ७.० ही अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ ची. अडोबीने त्याचा विकास २००४ मध्ये थांबविला. त्यावर, युनिकोडपूर्व सांकेतिक फॉन्ट वापरून जुळविलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ अगम्य चिन्हांची रांग म्हणून उमटतो. फॉन्टच्या पॅकेजसोबत येणाऱ्या जुन्या 'डोंगल'चा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी नसेल, तर विकत घेतलेले सॉफ्टवेअरही सुरू होत नाही. अशा संगणकांत अडकलेला मजकूर हा आपला अलीकडचा वाङ्मयीन ठेवाच आहे. तो युनिकोडमध्ये आणून ठेवण्याचे काम शेवटचा जुना संगणक बंद पडण्याआधी व्हायला हवे. नंतर धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

मग तातडीचा मार्ग कोणता? जुनी प्रणाली थेट नव्या यंत्रावर न चढवता 'व्हर्च्युअल मशिन'मध्ये चालविणे हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. नव्या, सुरक्षित प्रणालीच्या पोटात एक आभासी जुना संगणक उभा केला जातो आणि एक्सपीला तोच खरा वाटतो. त्याची संपूर्ण प्रत काढून ठेवता येते, नेटवर्क तोडता येते, बिघडल्यास क्षणात पूर्वस्थितीला आणता येते. हिशेब, पत्रव्यवहार, जुन्या नोंदी यांसाठी हे पुरेसे आहे. मात्र ज्या यंत्राला जुने कार्ड वा काटेकोर वेळेचे सिरियल पोर्ट लागते, तेथे ही युक्ती अपुरी पडते. तेथे संगणक इंटरनेटपासून अलग ठेवणे आणि पेन ड्राइव्हवर कडक निर्बंध घालणे अपरिहार्य ठरते. केवळ अलगपणावर विसंबूनही चालत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' इराणच्या नतान्झ येथील इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणेत शिरलाच होता. औद्योगिक वापरासाठी विंडोज १० चीच एक दीर्घ मुदतीची आवृत्ती जानेवारी २०३२ पर्यंत आधारासह उपलब्ध आहे, हेही यंत्रनिर्मात्यांनी आणि खरेदीदारांनी ध्यानात घ्यावे. लिनक्सचा पर्यायही खुला आहे. केरळातील शाळांनी तो मोठ्या प्रमाणावर अवलंबिला आहे. मात्र विंडोजसाठीच लिहिलेल्या विशिष्ट यंत्राच्या सॉफ्टवेअरला तेथे हमखास थारा मिळेल, असे नाही.

हे सारे उपाय अखेर मलमपट्टीच आहेत. मूळ दुखणे खरेदीच्या करारात आहे. वीस वर्षे चालणारे यंत्र घेताना त्यासोबतचे सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळले जाईल, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. युरोपीय संघाचा सायबर लवचिकता कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्यातील मुख्य बंधनांसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरविण्यात आली आहे. उत्पादकाने आधाराचा कालावधी आधीच जाहीर करावा आणि तो सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचा असावा, असे त्यात अपेक्षित आहे. आपल्याकडे निदान सरकारी रुग्णालये, महापालिका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या निविदांत तरी तीन अटी असाव्यात. यंत्राच्या अपेक्षित आयुष्याइतका सॉफ्टवेअरचा आधार, निर्माता व्यवसायातून बाहेर पडल्यास सोर्स कोड मिळण्याची तजवीज आणि माहिती खुल्या स्वरूपात काढून घेण्याची सोय. या अटींमुळे यंत्राची किंमत काहीशी वाढेल. परंतु आज वाचविलेला तो पैसा उद्या बंद पडलेल्या तपासणी-यंत्रासमोर ताटकळणाऱ्या रुग्णाकडून किंवा ऑर्डर हातची गेलेल्या लघुउद्योजकाकडून वसूल होतो, हे निविदा मंजूर करणाऱ्यांनी विसरता कामा नये.