आधी किडीची ओळख

फवारणीचा पंप पाठीवर चढला की बाग सुरक्षित झाली, ही समजूत सफाळ्यापासून घोलवडपर्यंतच्या वाड्यांत अजूनही दृढ आहे. ती किती भ्रामक आहे हे चिकूची बी पोखरणाऱ्या अळीने दाखवून दिले आहे. ही अळी कोवळ्या फळात शिरते, बीमध्येच वाढते आणि पूर्ण वाढ झाली की गर पोखरून बाहेर पडते. आत दडलेल्या अळीला वरचे औषध सहसा गाठत नाही आणि छिद्र दिसते तेव्हा फळ हातचे गेलेले असते. मग बागायतदार मात्रा वाढवतो. त्यात किडींना खाणारे मित्रकीटक मात्र हकनाक मरतात.

चिकूच्या झाडावर फूल, कोवळे फळ व तोडणीचे फळ एकाच वेळी असते. अशा स्थितीत फवारणी व तोडणी यांतील ठराविक दिवसांचे अंतर पाळावे कसे? हे विष ग्राहकाच्या घरी पोहोचण्याचा धोका तर आहेच. पण त्याआधी ते पंप वाहणाऱ्या मजुराच्या श्वासात जाते, याचा विसर पडू नये.

यावर उतारा आहे तो अभ्यासाचा. फळमाशीच्या नराला मिथिल युजेनॉलच्या गंधाची ओढ असते. या ज्ञानावरच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा उभा आहे. नर सापळ्यात संपले की माद्यांचे मीलन खुंटते, पुढची पिढी घटते आणि फळावर विषाचा थेंबही पडत नाही. याच माशीपायी मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले होते. ते जानेवारी २०१५ मध्ये उघडले. माशीकडे दुर्लक्ष किती महाग पडते, याचा हा धडा होता.

पालघरला विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. या संस्थांनी गावोगावच्या निवडक वाड्यांत वर्षभर किडींच्या नोंदी ठेवाव्यात आणि फवारणी केव्हा हवी, केव्हा नको, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला जाहीर करावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सरकारने त्यासाठी माणसे व पैसा द्यावा. बागायतदारांनीही गळलेली किडकी फळे एकजुटीने वेचून नष्ट केली पाहिजेत. कारण पतंग शेजाऱ्याचे कुंपण मानीत नाही. शत्रूची ओळख न करून घेता त्याच्यावर विष ओतत राहणे हा पराक्रम नव्हे, तो निव्वळ अपव्यय आहे.