जगण्याचा हिशोब : ‘सीलबंद’ गिअरबॉक्स आणि उघडे डोळे



या सदरात आपण पतपेढीचे हप्ते, विम्याचे कागद, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अशा विषयांवर बोलत असतो. आज विषय थोडा वेगळा आहे. मोटारगाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचा. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांनी पान उलटू नये. आपल्या वस्तीत घरटी नाही तरी गल्लीटी एक तरी ड्रायव्हर किंवा गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा आहेच. त्याला हा लेख वाचून दाखवा.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. विहारात वंदना आटोपल्यावर माझा मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, गाडी विकून टाकावी म्हणतो.” मी चपापलो. कारण ही गाडी म्हणजे त्याच्या घराची चूल आहे. माल उतरवताना अपघात होऊन त्याचा डावा पाय मोडला, आत सळई बसवावी लागली. दिवसभर क्लच दाबणे जमेना, म्हणून त्याने मुद्दाम ऑटोमॅटिक गिअरची जुनी सात आसनी डिझेल गाडी घेतली आणि टुरिस्टला लावली. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचे पेडल नसते, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. पतपेढीचा हप्ता १४,५०० रुपये, बाकी हप्ते ३१. म्हणजे जवळजवळ साडेचार लाखांचे देणे डोक्यावर असताना हा गडी गाडी विकायला निघाला होता.

कारण विचारले तेव्हा कळले की सकाळी गिअर ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी लगेच उचलत नव्हती. दोन-तीन सेकंद थांबून मग धक्का देऊन निघायची. मीटरवर १,६२,००० किलोमीटर झाले होते. एका गॅरेजवाल्याने सांगितले, “गिअरबॉक्स सीलबंद आहे. तेल आयुष्यभराचे असते. हात लावलात तर बिघडेल.” दुसऱ्याने सांगितले, “मशीन लावून दाबाने सगळे तेल एका तासात बदलून देतो.” तिसरा म्हणाला, “गिअरबॉक्स गेला समजा, दीड लाखाच्या पुढे खर्च आहे.” तीन तोंडे, तीन गोष्टी. बिचारा घाबरून गेला.

केसपुत्त गावच्या कालामांपुढेही हाच पेच होता. जो येई तो आपलेच खरे म्हणे. तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. ही शिकवण केवळ विहारात बसून ऐकण्यापुरती नाही. गॅरेजमध्येही ती तितकीच लागू पडते. म्हणून आम्ही पारखायचे ठरवले.

पहिला धागा सापडला तो माझ्या भावजयीला. ती म्हणाली, “भाऊजी, रोज अंगण झाडताना गाडीखाली लालसर तपकिरी डाग दिसतो. मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले इंजिनाचं तेल असेल.” आम्ही रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढे तीन थेंब! ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल नवे असताना बहुधा लाल असते. म्हणजे हे सीलबंद प्रकरण थेंब थेंब गळत होते.

आता ‘सीलबंद’ या शब्दाचा अर्थ समजून घेऊ. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या तेलाची पातळी पाहायला एक सळई असे, तिला डिपस्टिक म्हणतात. पुढे अनेक कंपन्यांनी ती काढून टाकली. डिपस्टिक नाही, म्हणून सीलबंद. परंतु खाली तेल सोडण्याचा ड्रेन प्लग, तेल भरण्याचा फिलर प्लग आणि पातळी पाहण्याची सोय बहुतेक गाड्यांत असतेच. काही गाड्यांत पातळीचा प्लग वेगळा असतो, काहींत ड्रेन प्लगच्या आत नळी बसवलेली असते. म्हणजे दार आहे, फक्त दारावर पाटी नाही.

हे तेल नुसते वंगणाचे काम करत नाही. साध्या गाडीत इंजिनाची ताकद क्लच प्लेटमधून गिअरकडे जाते. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या गोल डब्यात तेलच ती ताकद पुढे ढकलते. आतल्या क्लचच्या चकत्या तेलाच्याच दाबाने आवळल्या जातात. शिवाय सगळ्या यंत्राची उष्णताही तेलच वाहून नेते. इतकी कामे करणारी वस्तू कधीच थकत नाही, हे कसे शक्य आहे? उष्णतेने तेल खराब होते, चकत्यांची झीज त्यात मिसळते, रंग काळवंडतो.

मग ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणजे कोणाचे आयुष्य? झेडएफ ही जर्मनीची कंपनी अनेक नामांकित मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्या गाड्यांपैकी काहींच्या कंपन्या तेल आयुष्यभराचे सांगतात. परंतु गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदला असे सांगते. ज्याने वस्तू घडवली त्याचे म्हणणे अधिक वजनाचे मानावे, हे उघड आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेतही बारीक अक्षरात लिहिलेले असते की साध्या वापरात तेल बदलण्याची गरज नाही, परंतु टॅक्सी, जड ओझे, सततची गर्दी, कडक उष्मा असा वापर असेल तर अमुक किलोमीटरला बदला. आपल्या लोकांच्या गाड्यांचा ‘साधा वापर’ कुठे असतो? पोटासाठी धावणारी गाडी ही कष्टकरी गाडीच असते.

मावसभावाच्या गाडीच्या पुस्तिकेतली ही ओळ शोधून काढली ती वस्तीतल्याच एका मुलाने. त्याने आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे आणि तो एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. मोबाइलवर पुस्तिका उघडून, इंग्रजी शब्दाला शब्द लावून त्याने वाचली. तीन अनुभवी लोकांनी जे वाचले नव्हते ते बावीस वर्षांच्या पोराने वाचले. शिक्षणाचा उपयोग तो हाच.

त्याने काम कसे केले ते क्रमाने सांगतो.

गाडी सपाट लिफ्टवर घेतली. आधी फिलर प्लग सैल करून पाहिला आणि नंतरच ड्रेन प्लगला हात लावला. हे फार महत्त्वाचे आहे. भरण्याचा प्लग गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सोडून दिले, तर गाडी जागेवरच अडकते. निघालेले तेल त्याने मापाच्या भांड्यात मोजले. साधारण तीन लिटर निघाले. रंग गडद तपकिरी होता, पण जळका वास नव्हता. खालचे पॅन उघडून लोहचुंबक पाहिला. त्यावर राखाडी मऊ लेप होता. इतक्या चाललेल्या गाडीत एवढी झीज साधारण असते. धातूचे कण किंवा तुकडे असते, तर तेलाचा खर्च करण्यात अर्थ नव्हता. पॅनचे गॅस्केट, आतला फिल्टर आणि गळणारे ऑइल सील बदलले. सगळ्या गाड्यांत हा फिल्टर असा सहज बदलता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मग पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचेच नवे तेल भरले. मोजून निघाले तेवढे, आणि गळून कमी झाले होते तेवढे जास्तीचे. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक खाचेत काही सेकंद ठेवला. स्कॅनर जोडून तेलाचे तापमान पाहिले. पातळी ठरलेल्या तापमानालाच पाहावी लागते. अनेक गाड्यांत ते ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. तेल गरम झाले की फुगते. फार गरम असताना पातळी पाहिली तर जास्त तेल बाहेर पडते आणि पुढे कमी पडते. फार थंड असताना पाहिली तर जास्त भरले जाते आणि गरम झाल्यावर फेस येतो. ठरल्या तापमानाला, इंजिन चालू असताना, पातळीच्या भोकातून तेलाची बारीक धार येऊन थेंबावर आली की पातळी बरोबर.

आता माझ्या कारकुनी डोक्याचा भाग. एकूण तेल आठ लिटर धरले आणि एका वेळी तीनच लिटर निघाले, तर बाकी पाच लिटर जुने तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. म्हणजे पहिल्या खेपेला नवे तेल साडेसदतीस टक्के. काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलले की ६१ टक्के. तिसऱ्यांदा बदलले की सुमारे ७५ टक्के. वाणिज्य शाखेची मुले घटत्या शिल्लकीवर घसारा काढतात, अगदी तोच हा हिशोब. जुने तेल शून्यावर कधी येत नाही, पण तीन खेपांत पुरेसे कमी होते. म्हणून त्या मुलाने मशीनच्या दाबाने सगळे तेल एकदम बदलायला नकार दिला. लाखाच्या पुढे चाललेल्या आणि कधीच तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये दाबाने तेल सोडले, तर तळाची घाण उचलून बारीक वाटांमध्ये अडकण्याचा धोका असतो. सावकाश, टप्प्याटप्प्याने केलेले बरे.

तीन खेपांचा सगळा खर्च १६,००० रुपयांच्या आसपास आला. आज मीटरवर १,९४,००० च्या पुढे आकडा आहे. सकाळचा धक्का गेला. पुठ्ठा कोरडा आहे. पाय मोडलेला माणूस अजून स्टिअरिंगवर आहे आणि हप्ता वेळेवर जातो आहे.

परंतु खोटी आशा दाखवणे हे या सदराचे काम नाही. आमच्या ओळखीतल्या आणखी एकाने असेच तेल बदलले आणि महिन्याभरात त्याचा गिअरबॉक्स गेलाच. लोक म्हणाले, नव्या तेलाने घात केला. खरी गोष्ट अशी की ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडी पळत नसे, असे कित्येक महिने चालले होते. तेलाला जळका वास होता. आतल्या चकत्या आधीच झिजलेल्या होत्या. तेल हा पथ्याचा आहार आहे, मेलेल्याला उठवणारे औषध नाही. पथ्य वेळेवर पाळावे.

आणखी चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, आपली गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते आधी विचारा. (माणसांत जात मोडायची आहे, यंत्रांत ओळखावी लागते!) एएमटी गाडीत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम यंत्र करते. २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे या गाड्या वाढल्या. त्यांचे तेल वेगळे. सीव्हीटी गाडीत बहुधा पोलादी पट्टा असतो, तिचे तेल आणखी वेगळे. एकाचे तेल दुसऱ्यात घातले तर नुकसान ठरलेले.

दोन, तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी त्यात मिसळले आहे असे समजा आणि गाडी ताबडतोब थांबवा.

तीन, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. हे आपल्या गॅरेजमधल्या पोरांसाठी खास सांगतो आहे. मालक घाई करतो, पण छाती आपली असते. स्टँड लावा, तेल निवू द्या, हातमोजे घाला. जुने तेल गटारात ओतू नका; ते गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडेच द्या.

चार, कामाआधी लेखी अंदाजपत्रक आणि कामानंतर पक्के बिल घ्या. बिलावर तेलाचा नंबर, लिटर आणि मीटरचा आकडा लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ‘भाऊ, बिल कशाला?’ असे म्हणणाऱ्याकडे काम देऊच नका.

शेवटी पैशाचे. १६,००० रुपयांचा खर्च ६०,००० किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला २७ पैसे पडतात. भावजयीने आता वहीत नवा रकाना पाडला आहे. गाडी महिन्याला चार हजार किलोमीटर धावते, म्हणून किलोमीटरला ३० पैशांप्रमाणे महिन्याला १,२०० रुपये वेगळ्या डब्यात पडतात. दीड लाखाची धास्ती आणि महिन्याचे बाराशे, यांतला फरक त्या माउलीला कळला, कारण अंगणातला डाग पहिला तिनेच पाहिला होता. घरातल्या बाईने काही दाखवले तर हसण्यावारी नेऊ नये, हा धडाही माझा मावसभाऊ शिकला.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला सांगितले गेले की हे तुमच्यासाठी बंद आहे, हात लावू नका. बाबासाहेबांनी आपल्याला कुलपे तपासायला शिकवले. ‘सीलबंद’ असे कोणी म्हटले की घाबरू नका. पुस्तिका उघडा, वाचा, विचारा, मोजा आणि मगच ठरवा.

जयभीम!