मालक परत आला तेव्हा

रशियातून आलेला सॉलोमन बॉस्कव्ह पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या आसपास माल घेऊन दारोदार फिरायचा. इंग्रजी येत नव्हतं. पण त्याची यिडिश तिथल्या जर्मनवंशीय शेतकऱ्यांना समजायची आणि त्यावरच धंद्याचा जम बसला. पुढे नाइन्थ आणि पाइक रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘बॉस्कव्ह्ज’ हे दुकान उभं राहिलं. मुलगा अल्बर्ट याने त्याची साखळी केली.

अल्बर्ट २००६ साली निवृत्त झाला आणि ऑगस्ट २००८मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऐन मंदीचे दिवस, बँकांनी हात आखडलेला. अशा वेळी एकोणऐंशी वर्षांचा अल्बर्ट पुन्हा उभा राहिला. नातलगांना सोबत घेतलं, सरकारी हमीच्या कर्जाचा आधार मिळवला आणि दुकानं सोडवली. हजारो नोकऱ्या वाचल्या. शेजारच्या यॉर्कमधली, १८९८पासूनची ‘बॉन-टन’ ही दुकानांची साखळी मात्र मोठ्या खरेदीच्या कर्जाखाली दबून २०१८मध्ये मोडीत निघाली.

घराण्याचं नाव पाटीवर असलं म्हणजे दुकान टिकतंच, असं नाही. ते टिकवायला पदराला खार लावून घेणारा माणूस लागतो. तुमच्या गावात असं दुकान असेल, तर त्याची हकीकत आम्हाला जरूर लिहून पाठवा.