सुटलात, पण कागद कुठे आहे?

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका मित्राचं ऐकून चीड आली. सहा वर्षांपूर्वी मारामारीच्या एका केसमधून तो निर्दोष सुटला. आता नोकरीच्या पोलिस व्हेरिफिकेशनमध्ये तोच गुन्हा पुन्हा वर आला, आणि निकालाची प्रत त्याच्याकडे नाही. एजंट पाच हजार मागतोय.

एजंट कशाला? ई-कोर्ट्सच्या साइटवर केस फुकट शोधता येते. फक्त नावावर विसंबू नका. इंग्रजीत 'शेख' तीन-चार तऱ्हांनी लिहितात. ठाण्यात कोणतं स्पेलिंग पडलं, अल्लाह जाणे. त्यापेक्षा पोलिस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाका. संपलेली केस 'निकाली'मध्ये सापडते, 'प्रलंबित'मध्ये नाही. सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळाला की लिहून ठेवा.

पण स्क्रीनशॉट म्हणजे निकाल नव्हे. त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रतच घ्यावी लागते. आणि इथेच माझी तक्रार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 प्रमाणे कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत तिथल्या तिथे मोफत मिळते. सुटलेल्याने मात्र अर्ज करायचा, पैसे भरायचे! ज्याला ती आयुष्यभर दाखवत फिरायची आहे, त्याच्या हातात ती निकालाच्या दिवशीच, न मागता पडायला हवी. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर घरात कुणाची जुनी केस असेल तर या आठवड्यातच शोधा. कोर्टातल्या जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. मित्र सोमवारी अर्ज टाकतोय, मीही सोबत जाणार आहे.