शिक्षा आधी, चौकशी मागाहून

लाभार्थ्यांच्या याद्या साफ केल्या की खऱ्या गरिबाच्या पदरात जास्त पडेल, असे सांगितले जाते. याद्या निर्मळ होत्या असे मुळीच नाही. लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांवर पुरुष सापडले. त्यांची बाजू कोण घेईल? परंतु जुलै 2025 मध्ये जाहीर झालेला अपात्रांचा आकडा 26.34 लाखांचा होता, आणि त्यांचा हप्ता जूनपासूनच रोखलेला होता. जिल्हाधिकाऱ्यांकडून शहानिशा त्यानंतर. जी पात्र ठरेल तिचा लाभ पुन्हा सुरू. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, तीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नवऱ्याने टाकलेल्या, वडील वारलेल्या बाईची आठवण मुदत संपता संपता झाली.

मावळ तालुक्यात पडताळणीचा हा हिशेब आणखी फसतो. लोणावळ्यात बंगल्याची राखण, हॉटेलातली साफसफाई, चिक्कीची पाकिटे भरणे ही कामे शनिवार-रविवारच्या आणि पावसाळ्याच्या गर्दीवर चालतात. अशा कमाईला पगारपत्रक कुठले? तरी उत्पन्नाचा दाखला हवाच. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेले असेल तर रेशनसाठी अंगठा द्यायला रोज बुडवून यायचे. रेशनच्या प्राधान्य गटाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 2013 साली शहरात 59 हजार, गावात 44 हजार ठरली. रोजगार हमीची 2025-26ची मजुरी 312 रुपये. या सरकारी दराने पवन मावळातल्या खेड्यात एकट्या माणसाने वर्षात 142 दिवस काम केले की त्याचे घर मर्यादेबाहेर! लाडक्या बहिणीला मात्र अडीच लाख चालतात, आणि संजय गांधी निराधार योजनेत 21 हजारांची अट. एकाच चुलीला तीन मापे. मग दाखल्यावर उत्पन्न कमी लिहिले जाते, ती लबाडी कोणी शिकवली?

तिजोरीला तळ असतो, हा आक्षेप मान्य. पण पात्र बाईचे 1,500 रुपये अडवून झालेली बचत ही काटकसर नव्हे. पडताळणी व्हावी, मात्र अपात्रता सिद्ध करण्याचा भार वगळणाऱ्यावर असावा. अन्न सुरक्षा कायद्याने 2013 पासूनच सामाजिक अंकेक्षण, दक्षता समित्या आणि तक्रार निवारण अधिकारी दिलेले आहेत. वगळायची नावे ग्रामसभेत किंवा प्रभागात वाचावीत, कारण लेखी द्यावे, निकालापर्यंत लाभ चालू ठेवावा. गावकीत गटबाजी असते, हे खरे. म्हणूनच ग्रामसभेचा शब्द अखेरचा नको, वर अपील हवे. खोटा लाभार्थी शेजाऱ्यापासून लपत नाही, संगणकापासून लपतो. मावळच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात निदान रेशनची 2013ची उत्पन्नमर्यादा बदलून घ्यावी आणि सुनावणीशिवाय एकही नाव कापू नये असा शासन निर्णय मागावा.