बाटलीचे चार वर्ण

परवा पुतण्या मला म्हणाला, "काका, तुमच्या टायमाला तुम्ही परमिट रूममध्ये बसून मोर्चे ठरवले. आता आम्हाला सांगता, बाटलीला हात लावू नका. मग आम्ही बसायचं कुठं?"

तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर आता देतोय, उशिरा. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आधी एक साफ करून टाकतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. माझ्या बापाने ती चाळीच्या पटांगणात हात वर करून घेतली आणि मोडली. मीही मोडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाटली सोडली ती प्रतिज्ञा आठवून नाही, लिव्हर सुजलं म्हणून. तेव्हा सोवळ्याचा आव मला आणता येणार नाही. पण प्रतिज्ञा घेतली म्हणजे दारूवर बोलायचं काम संपलं, असं ज्या पोरांना वाटतं, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

माझा बाप रत्नागिरीकडचा. गावात माडी प्यायला गेला की माडीवाल्याच्या अंगणाबाहेर उकिडवा बसायचा. त्याच्यासाठी करवंटी. माडी वरून ओतायची, भांडं करवंटीला टेकू द्यायचं नाही. पिऊन झालं की ज्याची त्याने करवंटी धुवायची आणि कुंपणाच्या काठीवर पालथी घालायची. पैसे मात्र आमचे चालायचे. ते पाण्यात बुडवले की पवित्र.

तिथून तो मुंबईला आला, गिरणीत रिंग खात्यात लागला. त्याच्या आधीच्या पिढीला साळखात्यात पाऊल टाकायची बंदी होती. पगार जास्त तिथे, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. महाराची थुंकी धाग्याला लागली तर बाकीच्यांचा धर्म बुडतो! १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला होता. म्हणजे बघा, गावात करवंटी आणि गिरणीत धोटा. आमच्या तोंडाला काय लागतं आणि ते पुढे कुणाच्या तोंडाला लागतं, यावर या देशात केवढं मोठं शास्त्र उभं आहे.

म्हणून मला परमिट रूम विसरता येत नाही. १९७९ साल असेल. आदल्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. आम्ही पाच जण बैठकीला जागा शोधत होतो. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची, तीत नऊ माणसं. समाजमंदिराची किल्ली जुन्या पुढाऱ्याच्या कनवटीला. शेवटी कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये शिरलो. लाल दिवा, फाटक्या रेक्झिनच्या खुर्च्या. वेटर आला, टेबलावर फडका मारला आणि म्हणाला, "बोला साहेब."

साहेब! आमच्यातला एक जण तर मागे वळून बघायला लागला, कोण साहेब आला म्हणून.

एक बिअर, पाच ग्लास. त्याने कपाळाला आठी न घालता पाच ग्लास ठेवले. बशीत चणे आणि काकडीच्या चकत्या, फुकट. जात कुणी विचारली नाही. माझ्या तोंडाचा ग्लास आता मोरीत जाणार, धुतला जाणार, आणि रात्री एखाद्या जोशी-देशपांडेच्या ओठाला लागणार, हे मनात आलं आणि मी एकटाच हसत सुटलो. बिअर काय चढणार? पाचात एक बाटली. चढलं ते हे.

बायका तिथे नव्हत्या, तेही लिहून ठेवतो. माझी आई आणि वहिनी त्या वेळी नळावर रांगेत होत्या. आमची माणूसपणाची खुर्ची अर्ध्या समाजाला बंद होती आणि पाचातल्या एकालाही ते खटकलं नाही.

आज त्या परमिट रूमच्या जागी काचेचं दार आहे. आत पिवळे बल्ब, उंच स्टुलं, भिंतीवर मुद्दाम उघड्या ठेवलेल्या विटा. गिरण्यांचं तेच झालं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या, मग जमिनी विकल्या गेल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात पब आले. माझा पुतण्या असल्याच एका गिरणीच्या आवारात, एका पबमध्ये कामाला आहे. काय काम? ग्लास धुतो. संडासही तोच धुतो, पण घरी सांगताना फक्त ग्लास सांगतो. तिथे बिअरच्या एका ग्लासाला चारशे-पाचशे घेतात. पुतण्याचा दिवसाचा हिशेब साधारण तेवढाच पडतो. आजोबाने स्वतःची करवंटी धुतली, नातू दुसऱ्याचे ग्लास धुतो. त्या ग्लासातून प्यायला त्याला आज मनाई नाही. फक्त दिवसाची मजुरी ठेवायची आणि प्यायचं!

कुणी म्हणेल, हे पैशाचं आहे, जातीचं नाही. महागाई सगळ्यांना. बरं. मग सरकारचेच आकडे वाचा.

१० जून २०२५ला राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं. देशीवर प्रूफ लिटरला १८० रुपये होते, ते २०५ केले. विदेशी म्हणून इथेच बनते त्या दारूवर उत्पादनखर्चाच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचारपट केलं. मध्ये एक नवाच प्रकार काढला, महाराष्ट्र मेड लिकर, धान्यापासून बनवलेली. आणि १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ठरवून दिली. देशी ८०. महाराष्ट्र मेड १४८. विदेशी २०५. उंची विदेशी ३६०. चार पायऱ्या. कुठल्या पायरीवर कोण उभं राहणार, ते न विचारता कळतं. मनूला एवढं नेटकं जमलं नव्हतं, त्याला पोथी लिहावी लागली. इथे मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत काम झालं.

आणि बिअर? या वाढीतून बिअर आणि वाईन वगळली. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये काय झालं ते आठवा. बिअरवरचं शुल्क वाढल्यामुळे खप कमी झाला, तेव्हा ते कमी करता येईल का, हे बघायला सरकारने अभ्यासगट नेमला. बिअर कंपन्यांचं म्हणणं होतं की अल्कोहोलच्या मानाने बिअरवर कर जास्त पडतो. गणित खोटं नाही. स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल फार तर आठ टक्के. वाइन शॉपवर तिची मोठी बाटली दोनशेच्या घरात जाते, आणि ८० रुपयांच्या देशी क्वार्टरमध्ये तिच्यापेक्षा जास्त अल्कोहोल असतं. पण हे गणित सरकारला सुचलं ते कंपनीचा खप पडल्यावर, वस्तीतली पोरं हलक्यावरून जड दारूवर गेली तेव्हा नाही. पुढे महसूल कसा वाढवायचा यासाठी सचिवांचा दुसरा अभ्यासगट बसला, आणि त्यातून ही चार पायऱ्यांची शिडी आली. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा येणार, असं सांगितलं गेलं.

आणखी एक गंमत. १ नोव्हेंबर २०२३पासून परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्यावरचा व्हॅट पाच टक्क्यांचा दहा टक्के केला. दुकानातून बाटली घेऊन नाक्यावर, रेल्वेच्या भिंतीआड, संडासाच्या मागे उभं राहून पिणाऱ्याला तो नाही. म्हणजे कर दारूवर नाही, खुर्चीवर आहे! १४ जुलै २०२५ला बारवाल्यांनी करवाढीविरुद्ध राज्यभर बार बंद ठेवले. त्यांचा धंदा बसला म्हणून ते ओरडले, ते ठीक. खुर्चीवरून उठवला गेला त्याच्या वतीने कोण ओरडणार?

पुतण्या तेवीस वर्षांचा आहे. कायद्याने एकविसाव्या वर्षी बिअर पिता येते, देशी आणि विदेशी पंचविसाव्या वर्षानंतर. म्हणजे कायद्याने याला फक्त बिअर, आणि खिशाने फक्त देशी. देशीच्या दुकानात जाळीमागचा माणूस त्याचं वय विचारत नाही. त्याचे मित्र तिथेच असतात, उभे. ऐंशी रुपये, प्लास्टिकचा ग्लास, पाणी, दोन मिनिटांत खाली. बसून बोलायला जागा नाही, म्हणून बोलणंही नाही. आम्ही पाच जण एका बाटलीवर तीन तास भांडायचो. हे पाच जण पाच बाटल्या रिचवून पंधरा मिनिटांत पांगतात. दारू वाढली आणि बैठक गेली. माझं दुखणं हे आहे.

आणि देशीच्या खाली आणखी एक पायरी आहे, ती सरकारच्या यादीत नाही. पाचवी. वर्णाबाहेरची. संप मोडल्यावर माझा बाप परमिट रूममधून देशीवर आला, देशीवरून हातभट्टीवर. रिकाम्या खिशाचा रस्ता उताराचाच असतो. शेवटी डोळ्यांना दिसेनासं झालं. डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीच्या वर माणसं गेली. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराच्या वर. मिथेनॉल. ती कुठल्या वस्तीतली माणसं होती, हे सांगायला हवं का? वरची पायरी महाग केली की माणूस पिणं सोडत नाही, खाली उतरतो. हे सचिवांना कळत नाही असं समजू नका.

या राज्यात कायद्याचं नाव अजून दारूबंदीचंच आहे. १९४९चा. प्यायला परवाना लागतो, म्हणून तर परमिट रूम. एक दिवसाचा परवाना विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. तिथेही पायरी! दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचा महसूल गोळा करायचा, देशी बनवायची साखर कारखान्यांच्या मळीतून, आणि ती प्यायची ऊसतोड्याने. फड कुणाचा, कारखाना कुणाचा, बाटली कुणाची आणि लिव्हर कुणाचं, एकदा कागदावर मांडून बघा.

आता आपल्याकडे वळतो. आपले दोन गट आहेत. एक म्हणतो, दारूबद्दल बोललं की समाजाची बदनामी होते. दुसरा म्हणतो, संपूर्ण दारूबंदी करा. पहिल्यांनी जोतीराव वाचावेत. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८०मध्ये त्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. बदनामीला ते भ्याले नाहीत. दुसऱ्यांनी १९५१चा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा काढून बघावा. पैसा कुठून उभा करायचा याचे जे मार्ग बाबासाहेबांनी त्यात दिले, त्यात दारूबंदी रद्द करून अबकारी उत्पन्न मिळवणं हा एक आहे. पाच वर्षांनी त्याच माणसाने दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती शोधणारे सवर्ण पत्रपंडित मी पाहिलेत. विसंगती काही नाही. पिऊ नकोस, हे त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं. दारूचा पैसा कुठे जातो, हे सरकारला विचारलं. आपण पहिलं भिंतीवर रंगवलं आणि दुसरं विसरून गेलो.

विसरलो कारण सोयीचं होतं. १४ एप्रिलच्या वर्गणीची पावती कुणाकुणाच्या नावाने फाडली, जरा उघडा ते पुस्तक. डीजेचे पैसे कुणी दिले? मंडपाच्या कमानीवर कुठल्या बारवाल्याचं नाव होतं? मीही फाडल्यात तसल्या पावत्या, १९८४-८५ला. म्हणून मला ठाऊक आहे की पावती फाडल्यावर त्या दुकानासमोर घोषणा देताना आवाज कसा बसतो.

वस्तीतल्या बाया आपल्यापेक्षा पुढे आहेत. दुकान बंद करायला सह्या गोळा करून मतदान मागता येतं, हे त्यांना माहीत आहे. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकानाला कुलूप. आमच्या वहिनीने सह्यांसाठी दोन महिने जिने चढले. तिच्याबरोबर एकही कार्यकर्ता नव्हता. सगळे स्टेटस टाकत होते. आणि तिला हेही कळतं की दुकानाला कुलूप लागलं तर मागच्या गल्लीत फुग्यातून हातभट्टी येईल. "ती आल्यावर तुम्ही येणार काय?" असं तिने मला विचारलं. या बाईला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही.

माझी मागणी सरळ आहे. दारू बंद करा म्हणत नाही, स्वस्त करा तर मुळीच म्हणत नाही. बिअर महाग झाली म्हणून गळा काढायला मी काही बारमालक नाही. पण आमच्या वॉर्डात देशीची दुकानं किती, त्यांतून वर्षाला शुल्क किती गेलं, आणि त्यातला किती पैसा या वॉर्डात परत आला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. पुतणीची शिष्यवृत्ती दोन वर्षं रखडली आहे, विचारलं तर निधी नाही म्हणतात. तिच्या बापाने ऐंशीच्या किती बाटल्या घेतल्या याचा हिशेब माझी वहिनी तोंडपाठ सांगते. निधी तिथे आहे. व्यसनमुक्तीचा दवाखाना वस्तीपासून दोन बस बदलून आहे आणि देशीचं दुकान चाळीस पावलांवर. हे अंतर कुणी आखलं, ते विचारा. आणि ज्याने कधी पेला उचलला नाही, त्याने आधी विचारावं, कारण त्याचं तोंड कुणाला वास मारणार नाही.

राहिला पुतण्याचा प्रश्न. बसायचं कुठं? समाजमंदिराची किल्ली अजून त्याच घरात आहे, आता पुढाऱ्याच्या नातवाकडे. हॉल लग्नाला भाड्याने देतात, बैठकीला देत नाहीत. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मी आणि पुतण्या ती किल्ली मागायला जातोय. वहिनीही येतेय, सह्यांची वही घेऊन. पाच ग्लास घरून आणतो, चहाचे. अजून दोन जण पाहिजेत.